तोंड एकाचं, हात दुसऱ्याचा: 'नाइट गॅलरी' एवढी वरखाली का झाली?

हॉरर अँथॉलॉजी बघणाऱ्यांचं एक ठरलेलं भांडण असतं. एकजण पहिला एपिसोड बघून रात्री अकरा वाजता ग्रुपवर टाकतो की सोडू नका, बघाच, आणि दुसऱ्या दिवशी दुसरा कुणीतरी मधलाच एक एपिसोड लावतो आणि विचारतो, हे काय दाखवलंस रे, झोप आली. दोघंही खरंच बोलत असतात. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये नेटफ्लिक्सवर 'कॅबिनेट ऑफ क्युरिऑसिटीज' आली, आठ गोष्टी, आठ दिग्दर्शक, तेव्हा आमच्याकडे हेच झालं आणि शेवटी कुणीतरी नेहमीचं वाक्य टाकून विषय मिटवला की अँथॉलॉजी म्हटलं की असं वरखाली चालायचंच.

पण का चालायचं? डेली सोप वाईट असली तर सलग वाईट असते, तिथे निदान शाश्वती तरी असते. मग इथेच एक गोष्ट अंगावर काटा आणणारी आणि लगेच पुढची टुकार असं का होतं? हे समजून घ्यायला मी नवीन काही न घेता एक जुनी अमेरिकन सिरियल घेतोय, 'नाइट गॅलरी'. कारण तिच्या बाबतीत एक असा योग जुळून आलाय जो सहसा मिळत नाही. तोच माणूस, रॉड सर्लिंग, तोच चेहरा, तोच आवाज, आधी एक सिरियल, 'द ट्वायलाइट झोन', जी आजही डोक्यावर घेतली जाते आणि मग दुसरी, ही 'नाइट गॅलरी', जिच्याबद्दल बोलताना चाहतेसुद्धा आधी 'तशी बरी आहे' म्हणतात. दोन्हीत फरक काय पडला ते बघितलं की बराचसा उलगडा होतो.

आधी अँथॉलॉजी म्हणजे काय ते

दिवाळी अंक डोळ्यासमोर आणा. एकच मुखपृष्ठ, एकच संपादक, पण आतली प्रत्येक कथा वेगळ्या माणसाची, आणि एका कथेचा दुसरीशी काही संबंध नाही. टीव्हीवर हे केलं की झाली अँथॉलॉजी. दर एपिसोडला नवी गोष्ट, नवी माणसं, आणि शेवट तिथल्या तिथे. 'अमेरिकन हॉरर स्टोरी'सारखा एक प्रकार असतो ज्यात गोष्ट एपिसोडला नाही तर सीझनला बदलते, पण आपण आज पहिल्या प्रकाराबद्दल बोलतोय. आपल्याकडे नव्वदीत झी हॉरर शो आणि आहट बघून पांघरुणात शिरलेल्या पिढीला हा प्रकार वेगळा सांगायला नको.

दर आठवड्याला नवा संसार

नेहमीच्या सिरियलचं घर एकदा मांडलं की झालं. तोच सेट, तेच नट, तेच कपडे. प्रेक्षकाला सासू कोण, सून कोण, कोणाचं कोणाशी पटत नाही हे सगळं पाठ असतं, त्यामुळे एपिसोड सुरू झाला की गाडी थेट चौथ्या गिअरमध्ये. अँथॉलॉजीत मात्र दर वेळी शून्यापासून. सेट नवा, नट नवे, आणि सगळ्यात अवघड म्हणजे पाच-सात मिनिटांत एका अनोळखी माणसाबद्दल तुम्हाला एवढं काहीतरी वाटायला लावायचं की त्याच्या मागचं दार करकरलं तर पोटात गोळा तुमच्या यायला हवा.

ज्यांनी एकांकिका स्पर्धा बघितल्यात त्यांना हे लगेच कळेल. दिवसाला सहा-सात एकांकिका, प्रत्येकीचं नेपथ्य वेगळं, वेळ मोजून दिलेली, आणि त्यातल्या दोन डोळ्यात पाणी आणतात, तीन ठीकठाक आणि एक अशी की चहा प्यायला बाहेर जावं. कुणी म्हणत नाही की स्पर्धा टाकाऊ होती.

आणि हॉररमध्ये अजून एक भानगड. कौटुंबिक गोष्ट साठ टक्के जमली तरी बघवते. विनोद थोडा फसला तर माणूस कसनुसं का होईना हसतो. भीतीचं तसं नाही, ती पोळीसारखी आहे, फुगली तर फुगली नाहीतर पापड. नव्वद टक्के जमलेली भुताची गोष्ट शेवटी हास्यास्पदच वाटते. म्हणजे दर आठवड्याला नवा संसार, वर चुकायला जागा नाही. त्यामुळे थोडं वरखाली होणं या प्रकारात जन्मजात आहे, हे आधीच मान्य करून टाकू. प्रश्न आहे तो किती वरखाली, आणि कुणामुळे.

रॉड सर्लिंग नावाचा सूत्रधार

हा मूळचा न्यूयॉर्क राज्यातला, बिंगहॅमटन गावात वाढलेला, दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्समध्ये पॅराट्रूपर म्हणून लढलेला लेखक. पन्नासच्या दशकात टीव्हीसाठी नाटकं लिहून एमी अवॉर्ड घेतले, पण तेव्हा कार्यक्रमाला पैसे देणाऱ्या कंपन्या स्क्रिप्टमध्ये वाट्टेल तशी कात्री चालवायच्या. एमेट टिल नावाच्या कृष्णवर्णीय मुलाच्या १९५५ मधल्या खुनावरून त्याने नाटक लिहायला घेतलं तर ते इतकं धुवून पुसून काढलं की मूळ विषयच ओळखू येईना. मग त्याने डोकं चालवलं. माणसांबद्दल बोलू देत नाहीत ना, मग मंगळावरच्या प्राण्यांबद्दल आणि मेलेल्यांबद्दल बोलू. २ ऑक्टोबर १९५९ ला सीबीएस चॅनेलवर 'द ट्वायलाइट झोन' सुरू झाली.

पाच सीझन, १५६ एपिसोड, त्यातले ९२ सर्लिंगने स्वतः लिहिले. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे की सिरियल त्याच्या स्वतःच्या कंपनीची होती. कुठली गोष्ट घ्यायची, कुठली परत पाठवायची, शेवट कसा ठेवायचा, यात शेवटचा शब्द त्याचा, आणि रोजचं गाडं ओढायला बक हॉटन नावाचा पक्का निर्माता. असा शेवटचा शब्द ज्याचा असतो त्याला आजकाल शोरनर म्हणतात, आपण सरळ संपादक म्हणू, दिवाळी अंक चाललाच आहे तर.

आणि हाच सर्लिंग प्रत्येक एपिसोडमध्ये सूट घालून, पहिल्या सीझनला नुसता आवाज होता पण नंतर प्रत्यक्ष समोर येऊन, दोन वाक्यं बोलायचा आणि गोष्टीत सोडून द्यायचा. आपल्या नाटकातला सूत्रधारच की हा. अँथॉलॉजीला ओळखीचा चेहरा नसतो, म्हणून सूत्रधार लागतो. हे लक्षात ठेवा, पुढे याच सूत्रधारामुळे सगळ्यांची फसगत होणार आहे.

हात सैल पडला की काय होतं

ट्वायलाइट झोनचे सगळे एपिसोड सोन्याचे होते असं अजिबात नाही, पण जिथे ती घसरली तिथली कारणं बघण्यासारखी आहेत. दुसऱ्या सीझनमध्ये चॅनेलला खर्च कमी करायचा होता म्हणून सहा एपिसोड फिल्मऐवजी व्हिडिओटेपवर शूट केले. त्या काळात टेप कापून जोडणं महाकटकट, बाहेर जाऊन शूटिंग जवळपास बंद, त्यामुळे ते सहा एपिसोड आजही बघितले की दुपारच्या सिरियलसारखे सपाट दिसतात. आणि सहाही मिळून वाचवलं किती, तर एका एपिसोडच्या खर्चाएवढंसुद्धा नाही.

मग १९६३ चा चौथा सीझन. चॅनेलने अर्ध्या तासाचा कार्यक्रम एक तासाचा करायला लावला. आता बघा, या सिरियलच्या बहुतेक गोष्टी एका कलाटणीवर उभ्या. एका कलाटणीला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. तिला पन्नास मिनिटं ताणलं म्हणजे दोन माणसांच्या आमटीत सहाजणांसाठी पाणी घातल्यासारखं, भांडं भरतं पण चव कुठे राहते. त्यात हॉटन तोपर्यंत सोडून गेलेला, आणि सर्लिंग स्वतः ओहायोच्या अँटिऑक कॉलेजमध्ये शिकवायला गेलेला. १८ एपिसोड झाले आणि पाचव्या सीझनला गुपचूप परत अर्धा तास.

आता नाइट गॅलरी

८ नोव्हेंबर १९६९, चॅनेल एनबीसी. सर्लिंगने लिहिलेल्या तीन गोष्टींचा एक टीव्ही सिनेमा. अंधाऱ्या चित्रदालनात सर्लिंग उभा, एकेक चित्र दाखवतो आणि त्या चित्राची गोष्ट सुरू. पहिल्या गोष्टीत इस्टेटीसाठी म्हाताऱ्या मामाला मारणारा भाचा आणि जिन्यावर टांगलेलं कबरस्तानाचं चित्र. चित्र दर वेळी थोडं बदलतं. आधी कबर उघडी, मग कोणीतरी बाहेर, मग ते घराच्या दिशेने अजून थोडं जवळ. बस. ना रक्त ना किंकाळ्या, नुसतं जिन्यावरून जाताना चित्राकडे बघायची त्याची हिंमत होत नाही आणि आपलीही. (जुन्या वाड्यात जिन्याच्या वळणावर पूर्वजांचे फोटो असायचे, ज्यांनी रात्री ते टाळून उड्या मारल्यात त्यांना जास्त कळेल.)

दुसऱ्या गोष्टीत हॉलिवूडची नटी जोन क्रॉफर्ड झालीय एक आंधळी गर्भश्रीमंत बाई, जी काही तास दिसावं म्हणून एका कर्जबाजारी माणसाचे डोळे विकत घेते. दिग्दर्शक होता विशीतला एक नवखा पोरगा, स्टीव्हन स्पीलबर्ग.

हे चाललं. १९७० च्या डिसेंबरमध्ये सिरियल सुरू झाली, पहिल्या सीझनला फक्त सहा एपिसोड. आणि इथे खरी गोम आहे. सर्लिंगने या वेळी संपादकाची खुर्ची घेतलीच नव्हती. ट्वायलाइट झोनच्या पाच वर्षांत तो पिळून निघाला होता, त्याला नुसतं लिहायचं होतं आणि पडद्यावर यायचं होतं. सिरियल युनिव्हर्सल स्टुडिओची आणि शेवटचा शब्द निर्माता जॅक लेअर्डचा. प्रेक्षकाला मात्र पडद्यावर सर्लिंगच दिसतोय, नावातसुद्धा सर्लिंग आहे, म्हणजे सगळं त्याचंच. तोंड एकाचं आणि हात दुसऱ्याचा.

लेअर्ड काही अडाणी नव्हता हं. लव्हक्राफ्ट या जुन्या अमेरिकन हॉरर लेखकाच्या कथा टीव्हीवर आणायची हिंमत त्याच्याच काळात झाली आणि त्या चांगल्या वठल्यात. पण त्याला एक वाईट खोड होती. तासाभरात दोन-तीन गोष्टी झाल्या की मधल्या जागेत तो दोन-चार मिनिटांचे विनोदी तुकडे घालायचा. एकात ड्रॅक्युला ब्लड बँकेत जातो, पुढचा विनोद तुम्ही स्वतःच करू शकता, लेखकाने त्याहून जास्त काही केलेलं नाही. सर्लिंगला हे तुकडे बिलकुल आवडायचे नाहीत आणि तो ते लपवायचाही नाही. पण त्याच्या हातात काही नव्हतं, आणि तिसऱ्या सीझनपर्यंत तर त्याच्या स्वतःच्या स्क्रिप्टसुद्धा नाकारल्या जायला लागल्या.

दोन मिनिटांच्या जोकने असं काय बिघडतं?

कुणी म्हणेल, अहो दोन मिनिटं सहन करा की, एवढं काय. तर भीती ही हळूहळू साचत जाते. लाईट गेलेत, आजी गोष्ट सांगतेय, विहिरीपाशी पोचलीय, आणि तेवढ्यात काकांनी अंधारात 'भॉक' करून सगळ्यांना हसवलं. आता आजीने पुन्हा विहिरीपासून सुरू केलं तरी ती विहीर मगाचची राहत नाही. तुकडा दोन मिनिटांचा असला तरी आधीची अर्ध्या तासाची कमाई तो घेऊन जातो आणि पुढच्या गोष्टीकडे तुम्ही थट्टेच्या नजरेने बघायला लागता.

यातच रेटिंगची पण एक गंमत लपलीय. समजा एका तासात तीन तुकडे आहेत, पंचवीस मिनिटांचा एक ज्याला तुम्ही ९ मार्क देता, वीस मिनिटांचा ज्याला ८, आणि तीन मिनिटांचा फालतू ज्याला १. सरळ सरासरी काढली तर येते ६, म्हणजे बेताचंच. पण मिनिटांच्या हिशोबाने सरासरी काढली तर ८ च्या थोडी वर जाते. एकच तास, बघणारा एकच, आणि आकडे दोन. त्यामुळे अँथॉलॉजीला मिळालेला एकच एक आकडा बघून ती बघायची की नाही हे ठरवणं म्हणजे दिवाळी अंकाचं वजन करून विकत घेणं. माझ्या मते तरी हॉरर अँथॉलॉजीला तिच्या वरच्या चार-पाच गोष्टींवरून जोखावं, कारण दहा वर्षांनी तुमच्या डोक्यात त्याच राहणार आहेत.

पण मग एकाच लेखकाने सगळं लिहिलं की झालं?

नाही ना. सर्लिंगचे स्वतःचे रटाळ एपिसोड शोधायला लांब जावं लागत नाही, त्याची पात्रं कधीकधी बोलता बोलता भाषणच ठोकतात, आणि पाच वर्षांत ९२ स्क्रिप्ट लिहिणाऱ्या माणसाची विहीर कधीतरी आटणारच. ट्वायलाइट झोन तरली त्यात रिचर्ड मॅथेसन आणि चार्ल्स बोमाँट या दोघा लेखकांचा वाटा मोठा आहे. विमानाच्या पंखावर काहीतरी बसलंय आणि ते फक्त एकाच प्रवाशाला दिसतंय, ती प्रसिद्ध गोष्ट मॅथेसनची.

उलट टोकाचं उदाहरण २००५ ची 'मास्टर्स ऑफ हॉरर'. नावाजलेले हॉरर दिग्दर्शक एकेक करून बोलवा, तासभर द्या आणि म्हणा कर बाबा तुला हवं ते. दोन सीझन, २६ एपिसोड. त्यातले काही जबरदस्त आहेत, काही बघून वाटतं की या माणसाला कुणीतरी थांबवायला हवं होतं, आणि जपानी दिग्दर्शक ताकाशी मिइकेचा एपिसोड तर इतका पुढे गेला की शोटाइम चॅनेलने तो दाखवलाच नाही. बल्लवाचार्य तेरा बोलावले म्हणून पंगत चांगली होत नाही, मीठ कुणी एकाने चाखावं लागतं.

सगळ्यात समतोल म्हणाल तर ब्रिटनची 'इनसाइड नंबर नाइन', २०१४ ते २०२४, ५५ एपिसोड. रीस शीअरस्मिथ आणि स्टीव्ह पेंबर्टन हे दोघंच लिहिणार, दोघंच बहुतेक वेळा काम करणार, अर्धा तास, बरेचदा एकच खोली आणि मोजकी माणसं. त्यांनी स्वतःलाच कुंपण घालून घेतलं. पैसा कमी, जागा कमी, मग लिहिण्यावाचून सुटका नाही.

आणि जुनं आहे, आता भीती कसली वाटणार?

हा आक्षेप अर्धा खरा आहे. नाइट गॅलरीतले रबरी राक्षस आज बघितले तर लहान मुलंही हसतील. पण जिथे राक्षस दाखवलाच नाही तिथे काळाचं काही चालत नाही. 'द कॅटरपिलर' नावाची गोष्ट, मार्च १९७२, लिहिणारा सर्लिंग. बोर्निओमधला पावसाळी मळा, एका इंग्रज माणसाला दुसऱ्याची बायको हवी असते, म्हणून तो नवऱ्याच्या कानात एक किडा सोडायची सुपारी देतो. आपल्याकडे गोम कानात शिरते म्हणून घाबरवतात ना, तसलाच प्रकार, फक्त हा किडा मागे फिरत नाही, आतून कुरतडत पुढे जातो. आणि किडा चुकीच्या कानात जातो. पडद्यावर दिसतं काय, तर हात बांधून पलंगावर पडलेला, घामाने निथळणारा तो सुपारी देणारा इंग्रज, म्हणजे नट लॉरेन्स हार्वी. किडा एकदाही नीट दाखवत नाहीत. शेवटी डॉक्टर एक वाक्य बोलतो, ते मी इथे लिहिणार नाही, पण ज्यांनी ते ऐकलंय ते नुसत्या नावाने कान चोळतात.

आणि एक तर हॉररच नाहीये. १९७१ ची टिम रायलीच्या बारची गोष्ट, नोकरीत पंचवीस वर्षं घासलेला, बायको गेलेला एक सेल्समन आणि त्याच्या तारुण्यातला बार, जो आता पाडायला काढलाय. आत त्याला जुनी माणसं दिसायला लागतात. भूत आहे पण भीती नाही, नुसतं गलबलून येतं. ओळखीचं इराणी हॉटेल पाडताना रस्त्यावर उभं राहून बघितलं असेल तर बघाच. एमीच्या नामांकनापर्यंत गेली होती ही. ज्या सिरियलमध्ये ब्लड बँकेतला ड्रॅक्युला आहे त्याच सिरियलमध्ये ही आहे, हे डोक्यात बसायलाच वेळ लागतो.

लोकांनी बघितली ती हीच का?

आता जरा कमी माहीत असलेला भाग. तिसऱ्या सीझनला सिरियल अर्ध्या तासाची झाली आणि १९७३ मध्ये बंद पडली. मग ती सिंडिकेशनला गेली, म्हणजे छोट्या छोट्या स्थानिक चॅनेलना पुन्हा दाखवायला विकली. त्यांना अर्ध्या तासाचे तुकडे हवे होते. मग आधीच्या तासाभराच्या एपिसोडवर कात्री चालली. लांब गोष्टी छाटल्या, आखूड गोष्टी दुसरीकडचं फुटेज लावून ताणल्या. आणि एवढ्यावर भागेना म्हणून 'द सिक्स्थ सेन्स' नावाची दुसरीच एक सिरियल उचलली, तिचेही एपिसोड कापले, पुढे सर्लिंगची प्रस्तावना चिकटवली आणि नाइट गॅलरी म्हणून विकले. तो बिचारा पुन्हा एकदा नुसतं तोंड.

अमेरिकेत दोन पिढ्यांनी रात्री उशिरा बघितली ती ही कापलेली, ताणलेली, भेसळीची प्रत, आणि नाइट गॅलरी म्हणजे ट्वायलाइट झोनची गरीब बहीण हे मत बऱ्याच जणांचं त्यावरून बनलं. कमजोर होतीच ती, नाही म्हणत नाही मी, विनोदी तुकडे काही सिंडिकेशनवाल्यांनी घातले नव्हते. पण पानं फाडलेला आणि मध्ये दुसऱ्याच अंकाची पानं शिवलेला दिवाळी अंक वाचून संपादकाला नावं ठेवताना जरा हात आखडता घ्यायला हवा. त्यातून या वेळी ज्याच्या नावाने बोटं मोडली गेली तो तर संपादकही नव्हता. सर्लिंग १९७५ मध्ये वयाच्या पन्नासाव्या वर्षी गेला, हार्टचं ऑपरेशन झालं आणि त्यातून तो उठला नाही.

बघणार असाल तर मूळ एक तासाची प्रत शोधा, १९६९ च्या त्या तीन गोष्टींपासून सुरू करा, मग टिम रायली, मग कॅटरपिलर. मधला विनोदी तुकडा आला की बिनधास्त पुढे ढकला, सर्लिंगनेही तेच केलं असतं. आणि कॅटरपिलर तेवढी इअरफोन लावून बघू नका.